बिनसुईचं यंत्र

शेख मॅडम म्हणाल्या, "मंदाबाई, तुम्ही लिहा. बाकीच्यांना धीर येईल." या मॅडम म्हणजे संभाजीनगरच्या दवाखान्यात माझ्या हाताकडून व्यायाम करून घेणाऱ्या. लकव्याच्या पेशंटांसाठी तिथून एक लहानसं पुस्तक निघणार आहे आणि ज्यांच्यावर बेतलं त्यांनीच त्यात लिहायचं असं ठरलंय. मी तेव्हाच म्हटलं, धीर देणं मला येत नाही. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तिखटच लिहा.

म्हणून लिहितेय, डाव्या हातानं. शाळेत बाई माझ्या अक्षराचं कौतुक करायच्या, आता पानावर कोंबडीचे पाय उमटतात. दिवसाला एक पान होतं, कधी अर्धंच. त्यामुळे गोड बोलण्यात पान वाया घालवणार नाही.

आणखी एक. नवऱ्याचं नाव मी उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पण इथं सगळीकडे 'अर्चनाचे पप्पा' लिहीत बसले तर हात भरून येईल. सरळ नाव लिहिते. ज्ञानोबा.

नख

आमचं गाव अंबड तालुक्यात, वडीगोद्रीच्या फाट्यापासून आत. आमच्याकडे कंपन्यांसाठी कपाशीचं बी तयार होतं. त्या कामाला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. दुपारी, उद्या उमलेल अशी कळी शोधायची. अंगठ्याच्या नखानं तिच्या बुडाशी गोल चीर द्यायची आणि डोक्यावरची टोपी काढावी तशा पाकळ्या, आतल्या नराच्या केसरांसकट, काढून टाकायच्या. आत एक बारीक दांडी उरते. तिला किंवा तिच्या बुडाला नख लागलं की बोंड धरत नाही, दोन-तीन दिवसांत गळून पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणायचं, त्याला आम्ही नुसतं 'नर' म्हणतो, आणि ते त्या दांडीवर हलक्या हातानं फिरवायचं.

या कामाला अजून कुठलं यंत्र निघालेलं नाही. अंगठ्याचं नख हेच यंत्र. जुलै लागला की आम्ही बाया उजव्या अंगठ्याचं नख कापणं बंद करतो. लग्नकार्य आलं, कुणी नावं ठेवली, तरी नाही. मी वीस बायांची मुकादम होते. नवीन पोरगी कामाला आली की तिच्यासमोर अंगठा धरायचे आणि सांगायचे, एवढं वाढव, मंग ये. माझ्या हाताखालची कळी गळत नाही, असं कंपनीचे साहेबसुद्धा म्हणायचे. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे, तो लकव्यानं गेला नाही.

वारं

पोळा होऊन आठवडा झाला होता. सकाळी नऊच्या सुमाराला माझ्या हातातला नर खाली पडला. दुसरा घेतला, तोही पडला. मला राग आला. मी म्हटलं, काय झालंय या हाताला आज. म्हणजे मी म्हटलं असं मला वाटलं, पण शेजारच्या ओळीतली कांता माझ्याकडे बघून किंचाळली.

"अगं बाई, मंदाताईचं तोंड बघा! वारं गेलं, अंगावरून वारं गेलं!"

या शब्दावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. आमच्याकडे लकव्याला वारं जाणं म्हणतात. नाव काही का असेना, असं तुम्हाला वाटेल. पण नावाप्रमाणे माणूस वागतो. मेंदूत रक्ताची गाठ अडकली असं कुणी म्हटलं असतं तर गाडी काढली असती. वारं गेलं म्हटल्यावर खिडक्या लावल्या.

ज्ञानोबांनी आणि कांतानं मला मोटारसायकलवर मधे धरून घरी आणलं. ज्ञानोबांनी दार लावलं, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि सासऱ्यांचं काळं घोंगडं माझ्यावर टाकलं. सासरे मेंढरं राखायचे. मेंढरं कधीच गेली, घोंगडं तेवढं राहिलं. घाम फुटेल असा उकाडा होता. त्या घोंगड्याखाली मी जागी होते, मला सगळं ऐकू येत होतं, आणि मला एवढंच सांगायचं होतं की दवाखान्यात न्या. तोंडातून नुसती लाळ येत होती.

दुपारी मला जीपमध्ये घालून एका गावाला नेलं. तिथं एक बाबा वाऱ्याचं औषध देतात. त्यांनी उजव्या दंडाला कसली तरी मुळी बांधली आणि दुधातून पूड पाजली. निम्मी पूड ठसक्यानं बाहेर आली. मग पथ्य सांगितलं, "आंबट न्हाई. वारं न्हाई. आन् एकवीस दिवस सुई बिलकुल लावायची न्हाई. सुई लागली की औषध उतरलं म्हणून समजा."

ज्ञानोबांनी हात जोडले आणि मला परत घरी आणून घोंगड्याखाली ठेवलं.

किती वाजता झालं

माझी एकुलती एक मुलगी अर्चना जालन्याला असते. जावई एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात आहेत. कांतानं तिला फोन केला तेव्हा तिला कळलं. ती चार वाजता आली, घोंगडं ओढून कोपऱ्यात फेकलं आणि बापावर ओरडली, "पप्पा, सकाळपासून काय करून राह्यले तुमी? मम्मी मरून गेली असती म्हंजे?"

जालन्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. डोक्याचा फोटो काढला. तिथले डॉक्टर वयानं लहान होते, आमच्या अर्चनाएवढे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नेमकं किती वाजता झालं?"

"सकाळी नऊ," अर्चना म्हणाली.

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले की गाठ विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, नंतर दिलं तर जिवाला धोका. "लवकर आणलं असतं तर..." एवढं म्हणून ते थांबले. पुढचं वाक्य ते बोललेच नाहीत, पण मी ते तेव्हापासून रोज पुरं करते.

आणि आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. नर्स सलाईन लावायला आली, तेव्हा ज्ञानोबा माझ्या पलंगाच्या आडवे झाले. हात जोडून म्हणाले, "म्याडम, सुई नका लावू. औषध घेतल्यालं हाये."

आणि हे डॉक्टरांचं सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले. अर्चनानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. मी छताकडे बघत होते. माझं उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती, की या माणसाबरोबर मी सत्तावीस वर्षं संसार केला.

वॉर्डातले दिवस

सकाळी सहाला झाडू, मग बीपी, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत रोज तोच प्रश्न, "मावशी, हात उचला बरं." हात उचलता आला असता तर मी इथं कशाला असते. लघवीला नळी, कुशीवर वळवायला दोन माणसं. वीस बायांना शेतात पळवणारी मी, मला पाठ खाजवायला दुसऱ्याची वाट बघावी लागायची. ज्याचं जळतं त्याला कळतं.

सगळंच वाईट होतं असं नाही, हेही लिहिलं पाहिजे. झाडू मारणारी एक मावशी होती. तिचं ते काम नव्हतं, तरी रोज सकाळी ती माझी वेणी घालायची आणि तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगायची. मी उत्तर देऊ शकत नाही म्हणून बहुतेक तिला मी आवडायचे. तिच्या कागाळ्या ऐकताना मला अर्धा तास बरं वाटायचं.

त्याच मावशीनं माझं नख कापलं. माझी मूठ घट्ट वळायला लागली होती आणि अंगठ्याचं लांब नख तर्जनीच्या बाजूला रुतून जखम झाली होती. तिनं बोटं सोडवली, आणि मला काही कळायच्या आत कटरनं खटकन नख उडवलं. मी रडले. हात गेला तेव्हा रडले नव्हते, तोंड वाकडं झालेलं आरशात बघितलं तेव्हा नाही. मावशीला वाटलं लागलं, ती बिचारी "सुई लागल्यावानी झालं का?" म्हणून फुंकर घालत बसली.

मी बोलत नव्हते

दीड महिन्यानं, घरी आल्यावर, वाचा आली. आधी "पाणी", मग "नको". 'नको' मला चांगलं जमायला लागलं. अर्चना माझ्याजवळ राहायची तेव्हा तिच्याशी मी तोडकं-मोडकं बोलायचे.

ज्ञानोबांशी नाही. ते खोलीत आले की मी गप्प. त्यांना वाटायचं अजून वाचा आली नाही. ते मला चमच्यानं भात भरवायचे आणि एकटेच बोलत राहायचे, बैलाचं, फवारणीचं, कुणाच्या मुलीचं जमलं त्याचं. पंधरा दिवस मी असं केलं. मग एकदा भात फार गरम होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाजलं की!"

त्यांचा चमचा हातातच राहिला. "बोलली!" म्हणाले. "अर्चे, तुझी माय बोलली!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांची दया आली नाही. ती यायला हवी होती, असं आता लिहिताना वाटतं, पण तेव्हा आली नाही हे खरं.

माझंही सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळा दोष मी एकाच माणसावर ढकलते. मला बीपीची गोळी चालू होती. क्रॉसिंग सुरू झालं की मी ती बंद करायचे. गोळीनं सारखं लघवीला लागायचं, आणि बाया कामाला लावून मुकादमीण ओढ्याकडे पळणार, हे शोभतं का? डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असा माझा हिशोब. त्या वर्षी दोन महिने मी एक गोळी घेतली नव्हती. डॉक्टरांनी विचारल्यावर अर्चना म्हणाली, "रोज घेते." मी तेव्हा बोलू शकत नव्हते, आणि नंतर बोलता आलं तरी बोलले नाही.

डोक्याची सोनोग्राफी

सहा महिने झाले. पायात थोडं बळ आलं, काठी धरून चालायला लागले. हात मात्र तसाच. बोटं थोडी हलायची, पण अंगठा तर्जनीला भेटत नव्हता. माझ्या दृष्टीनं अंगठा आणि तर्जनी भेटत नाही तो हात असून नसल्यासारखा.

अर्चनाला कुणाकडून तरी कळलं की संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात लकव्याच्या पेशंटांवर नवा अभ्यास चालू आहे. डोक्याला बाहेरून यंत्र लावतात, त्यातून आवाजाच्या लहरी मेंदूत जातात, आणि झोपलेला भाग जागा होतो का ते बघतात. आवाज म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा. पोटाच्या सोनोग्राफीत असतात तशाच लहरी, पण नेम धरून सोडलेल्या.

गावात 'सोनोग्राफी' एवढाच शब्द पोचला. नळावर कांता म्हणाली, "काय मंदाताई, ह्या वयात सोनोग्राफी? मंग काय, पोरगा का पोरगी?" बाया खिदळल्या. मी म्हटलं, "लकवा हाये पोटात. तुला झाला की पेढे वाट." बोलता यायला लागल्यावर एवढी गंमत तरी परत आली.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. आठवड्यातून तीनदा, चार आठवडे यायचं. आधी यंत्र, मग शेख मॅडमकडे तासभर हाताचा व्यायाम. आणि एक गोष्ट त्यांनी तीन-तीनदा सांगितली. काही पेशंटांना खऱ्या लहरी मिळतील, काहींना नुसतं यंत्र लावलं जाईल, आत काही सोडलं जाणार नाही. कुणाला काय, हे पेशंटलाही कळणार नाही आणि व्यायाम घेणाऱ्यांनाही नाही. शेवटी चिठ्ठ्या उघडायच्या. तरच यंत्राचा गुण खरा की मनाचा, ते समजतं.

मी विचार करत होते. ज्ञानोबांनी मात्र एकच विचारलं, "सायेब, याला सुई न्हाई ना?"

"यंत्राला सुई नाही," डॉक्टर म्हणाले. "काप नाही, टोचणं नाही. सगळं बाहेरून."

"मंग करा की जल्दी. आमचं बराबर हाये."

मला हसू आलं. वाकड्या तोंडानं मी हसले, आणि डॉक्टरांना वाटलं मी खूश झाले. जी सुई लागायला हवी होती ती या माणसानं नवऱ्यामुलाच्या गाडीला आडवं व्हावं तसं आडवं होऊन रोखली, आणि आता बिनसुईचं यंत्र म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. सही करायला तिथल्या माणसानं माझ्यापुढे शाईचा डबा सरकवला, अंगठा लावा म्हणून. मी तो बाजूला केला आणि डाव्या हातानं पूर्ण नाव लिहिलं, पाच मिनिटं लागली. अंगठा माझा एवढा स्वस्त नाही.

यंत्राचं सांगण्यासारखं फार नाही. डोक्याच्या डाव्या बाजूचे केस तळहाताएवढ्या जागेत काढले. त्यावर गार गार जेल. खुर्चीत बसवून एक वाटीएवढी चकती डोक्याला टेकवून ठेवायचे. टक टक असा बारीक आवाज. दुखत नाही, गरम लागत नाही, काहीच होत नाही. वीस मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघायचं. मी डोळे मिटून म्हणायचे, जा बाई आत, जा, त्या अंगठ्याला उठव. देवाला म्हटलं नसेल इतक्या मनापासून त्या चकतीला म्हटलं.

ताट

शेख मॅडमकडे एक लाकडी फळी होती, नऊ भोकांची, आणि नऊ बारीक खुंट्या. खुंट्या चिमटीत उचलून भोकात घालायच्या. पहिल्या दिवशी माझ्यानं एकही उचलली गेली नाही. मॅडम म्हणाल्या, "आराम से, मंदाबाई. घरी करायचं काम जास्त महत्त्वाचं. रोज दोन वेळा. वस्तू उचलायची आणि ठेवायची." ज्ञानोबा दाराशी उभे राहून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टीलचं ताट घेऊन माझ्यासमोर बसले. ताटात आमच्या झाडाची तीन मोसंबी. "उचल," म्हणाले. माझी बोटं त्यांनी मोसंब्याभोवती गुंडाळली, वर उचलली, खाली ठेवली. सकाळी एक तास, दुपारी जेवण झाल्यावर एक तास. मोसंबी जमली तेव्हा लिंबू आणलं. लिंबानंतर सुपारी. सुपारीनंतर सरकी, म्हणजे कपाशीचं बी. सरकीला लव असते, ती बोटाला धरते, म्हणून शेंगदाण्याच्या आधी सरकी, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मी त्यांना काय काय बोलले ते पुस्तकात छापता येणार नाही. ताट भिरकावलं दोनदा, डाव्या हातानं. ते उठून सरकी गोळा करायचे, अंगणभर वाकून, आणि परत बसायचे. "उचल," म्हणायचे. दुसरा शब्द नाही. एरवी बडबड करणारा माणूस त्या दोन तासांत 'उचल' याशिवाय काही बोलत नव्हता. मला वाटायचं, करू दे, ह्यांनीच घालवला ना हात. आणि मनात सगळा भरवसा त्या चकतीवर.

चौथ्या आठवड्यात, संभाजीनगरला, माझा अंगठा तर्जनीला टेकला. थरथरत, वाकडा, पण टेकला. मी खुंटी उचलली आणि भोकात घातली. मग दुसरी. पाच घातल्या. "माशाअल्ला, मंदाबाई!" म्हणून शेख मॅडमनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

ज्ञानोबांनी वडीगोद्रीच्या फाट्यावर उतरल्या उतरल्या पेढे घेतले आणि हॉटेलात बसलेल्या सगळ्यांना सांगितलं, "मशीननं हात आणला हिचा. सुई न्हाई, काही न्हाई. नुस्तं डोक्याला लावलं." त्या दिवशी त्यांची मान कितीतरी दिवसांनी सरळ झालेली मी बघितली. मशीननं हात आणला म्हणजे सुईनं तरी वेगळं काय केलं असतं, असा त्यांचा सुटकेचा मार्ग. मलाही तेच बरं वाटत होतं, पण वेगळ्या कारणासाठी. यश मशीनचं असलं की ह्यांचं नव्हतं.

चिठ्ठी

ऑगस्टमध्ये दवाखान्यातून फोन आला. सगळ्या पेशंटांचं झालं होतं, चिठ्ठ्या उघडल्या होत्या. ज्ञानोबांची फवारणी चालू होती, म्हणून मी एकटी गेले. आजारानंतर एसटीनं एकटी पहिल्यांदाच.

डॉक्टरांनी समोर बसवलं. सरळ सांगितलं. "मंदाबाई, तुम्हाला नुसतं यंत्र लावलं होतं. लहरी नव्हत्या."

"म्हणजे टक टक वाजत होतं ते?"

"फक्त आवाज."

बारा खेपा. डोक्याचे केस. ते डोळे मिटून म्हटलेलं सगळं, त्या रिकाम्या चकतीला. मला इतका राग आला की शब्द अडकले, पहिल्यासारखे. डॉक्टर म्हणाले की हे आधी सांगितलं होतं, आणि तेही खरं होतं. ज्यांना खऱ्या लहरी मिळाल्या त्यांचं काय झालं ते सगळ्यांचं मिळून अजून तपासणं चालू आहे. तेव्हा वाचणाऱ्यांनो, हे यंत्र चांगलं की वाईट मला विचारू नका, ते मला लागलंच नाही. दिवाळीनंतर मला खऱ्या लहरी देतो म्हणालेत. मी हो म्हटलंय.

मग मी अंगठा तर्जनीला टेकवून दाखवला. "मग हे कुठून आलं?"

शेख मॅडम बाजूला बसल्या होत्या. म्हणाल्या, "थोडं शरीर आपणहून भरून काढतं. बाकी व्यायामानं. इथं आठवड्यात तीनच तास होत होते. घरी रोज कोण करून घेत होतं?"

मी काठी उचलली आणि निघाले. एसटीत खिडकीशी बसले आणि फाट्यापर्यंत रडत आले. शेजारची बाई विचारत होती, कोणी गेलं का म्हणून.

ज्ञानोबा फाट्यावर गाडी घेऊन उभे होते, फवारणीच्या कपड्यांवरच. "काय म्हणले डॉक्टर?"

"काही न्हाई. बरं हाये म्हणले."

"मशीनला परत बलावलं का?"

"दिवाळीनंतर."

"जाऊ की," ते म्हणाले. "मशीन लई भारी हाये." आणि गाडीला किक मारली.

मी सांगितलं नाही. विसरले नाही, वेळ मिळाला नाही असंही नाही. सांगितलं असतं तर ते सुटले असते. मशीन नव्हतं, तुमचं ताट होतं, एवढं वाक्य बोलायला माझ्या जिभेला आता अजिबात त्रास होत नाही. पण त्या वाक्यानं दवाखान्यातली ती सुई पुसली जाईल अशी मला भीती वाटत होती. ती पुसली जाऊ नये असं मला वाटतं. माझा हात गेलाय.

मोहरी

आता परत क्रॉसिंगचे दिवस आहेत. मुकादम कांता आहे. परवा तिच्या शेतात जाऊन बसले आणि एक कळी मागून घेतली. अंगठ्याचं नख जुलैपासून वाढवलंय. चीर दिली. अंगठा थरथरला आणि नख आतल्या दांडीत गेलं. कांता म्हणाली, "होईल, ताई." दुसरी घेतली, तीही गेली. तिनं तिसरी दिली नाही, आणि मीही मागितली नाही. दिवसाची मजुरी माझ्यामुळे कशाला बिघडवायची.

घरी येऊन हे लिहायला बसले.

दवाखान्याचं पुस्तक छापून झालं की घरी एक प्रत येणार आहे. माझे डोळे वाचताना लवकर दमतात, म्हणून घरात येणारा प्रत्येक कागद ज्ञानोबाच मला मोठ्यानं वाचून दाखवतात, पेपर असो की लग्नाची पत्रिका. हेही तेच वाचतील. वाचता वाचता इथपर्यंत येतील. म्हणून इथून पुढचं बाकी कुणासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे.

अर्चनाचे पप्पा, ऐका. मशीन रिकामं होतं. जेवढा हात आला तेवढा तुमच्या ताटानं आला. आन् जेवढा गेला तेवढा त्या दिवशी तुमच्यामुळं गेला, आन् थोडा माझ्या न घेतलेल्या गोळ्यांमुळं. ह्यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं होत न्हाई. मी माफ केलं असं लिहिणार न्हाई, कारण केलेलं न्हाई.

वाचून झालं असंल तर उठा. ताट आणा. आज सरकी नको, मोहरी घ्या.